फ्रान्सची कॉस पठारं आणि तार्न, झोंत, दुर्बीच्या दऱ्या: रोड सायकलिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा भाग नेमका कुठला?

फ्रान्सच्या दक्षिणेला, मासिफ सेंत्राल या डोंगराळ प्रदेशाच्या खालच्या अंगाला चुनखडीची चार मोठी पठारं आहेत. सोव्हतेर, मेझाँ, न्वार आणि लार्झाक. अशा पठाराला तिथे 'कॉस' म्हणतात. तीन नद्यांनी ही पठारं एकमेकांपासून चिरून वेगळी केली आहेत. सोव्हतेर आणि मेझाँच्या मधून तार्न वाहते, मेझाँ आणि न्वारच्या मधून झोंत, तर न्वार आणि लार्झाकच्या मधून दुर्बी. पठाराच्या काठावरून खालच्या नदीपर्यंत 400 ते 500 मीटरचा तुटलेला कडा असतो. शेजारच्या सेव्हेन डोंगरांसह हा सगळा टापू 2011 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. तो मुख्यतः इथल्या मेंढपाळीमुळे आणि त्या मेंढपाळीने घडवलेल्या भूदृश्यामुळे.

मुक्कामासाठी लक्षात ठेवायची गावं अशी: तार्न आणि दुर्बीच्या संगमावरचं मियो, तार्न आणि झोंतच्या संगमावरचं ल रोझिये, झोंतच्या दरीच्या वरच्या तोंडाशी असलेलं मेरुएस, तार्नच्या काठचं सेंत-एनिमी आणि पूर्वेचं फ्लोराक.

तार्नच्या दरीतला रस्ता एवढा प्रसिद्ध आहे. तोच चालवून परत आलं तर चालणार नाही का?

चालेल, पण अर्धंच पाहून परत याल. मी पहिल्या खेपेला तेच केलं आणि आजही त्याची हळहळ वाटते. दरीतून जाताना दोन्ही बाजूंना कडे उभे असतात, नदी हिरवीगार दिसते, वळणावळणाला दगडी घरांची गावं लागतात. मन भरून जातं. पण त्या कड्याच्या वर काय आहे, याचा खालून अजिबात अंदाज येत नाही. घाट चढून माथ्यावर आलात की झाडी अचानक संपते, आभाळ चारही बाजूंनी खाली उतरतं आणि नजर जाईल तिथवर करडं गवत आणि विखुरलेले दगड. खाली दोन गावांमध्ये काही किलोमीटरच असतात. वर मेझाँवर दर चौरस किलोमीटरला जेमतेम दीड माणूस राहतो.

हा फरक पायांना आणि कानांनाही कळतो. दरीत पाण्याचा आवाज सतत सोबत असतो. वर आल्यावर तो थांबतो आणि फक्त वारा आणि आपली चेन ऐकू येते. एकाच दिवसात दरी, पठार आणि पुन्हा दरी असं करा, मग हा भाग खऱ्या अर्थाने समजतो. पुढची बहुतेक उत्तरं याच हिशोबाने लिहिली आहेत.

पठारावर पाणी मिळत नाही म्हणतात. एवढा पाऊस पडूनही?

पाऊस पडतो, पण थांबत नाही. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडी विरघळवत भेगांमधून आत शिरतं. लाखो वर्षं हे चाललंय. भेगांच्या नळ्या झाल्या, नळ्यांच्या गुहा झाल्या, आणि काही ठिकाणी छत कोसळून सरळ खोल विहिरीसारखी तोंडं उघडली. त्यांना 'आव्हेन' म्हणतात. पाणी असं खाली खाली जातं आणि मार्लचा, म्हणजे पाणी न झिरपणाऱ्या चिकणमातीच्या खडकाचा, थर लागला की दरीच्या तळाशी झरा होऊन बाहेर पडतं. म्हणून वर एकही ओढा नाही आणि खाली नदी बारमाही. दरीच्या मधल्या टप्प्यात तार्नला वरून वाहत येऊन मिळणारी उपनदी नाही, तिला हे झरेच भरतात. सेंत-एनिमी गावात बुर्ल नावाचा असा झरा आहे. या पाण्याने एका राजकन्येचं महारोगाचं दुखणं बरं झालं अशी आख्यायिका आहे आणि गावाचं नावही तिच्यावरूनच पडलं.

सायकलवरून हे भूगर्भशास्त्र डोळ्यांना दिसतं. करड्या माळावर मध्येच बशीसारखा गोल खळगा लागतो आणि त्यात नांगरलेली लाल जमीन. चुनखडी विरघळून गेल्यावर जी माती उरली, ती या खळग्यांत साठली. पठारावरची शेती बहुतेक अशाच खळग्यांत आहे, बाकी सगळं मेंढ्यांचं.

आणि 'लाव्होन्य' नक्की बघा. मेंढ्यांना पाणी पाजायला बांधलेलं उथळ, गोल तळं. तळाला सपाट दगडांची फरसबंदी असते, म्हणजे पाणी जिरत नाही आणि खुरांनी चिखलही होत नाही. रस्त्याकडेच्या एका लाव्होन्यजवळ मी सायकल आडवी टाकून बसलो होतो. पाणी मातकट होतं आणि कडेच्या दगडांवर खुरांनी घासून घासून गुळगुळीत झालेल्या खुणा होत्या. थोड्या वेळाने गळ्यातल्या घंटा वाजवत कळप आला. मेंढ्या अर्धगोल करून उभ्या राहिल्या, पाणी प्यायल्या आणि निघून गेल्या. कुणी हाकललं नाही, कुणी ढकललं नाही. पठारावर थेंबाची किंमत काय असते हे मला त्या पाच मिनिटांत कळलं. ते पाणी माणसाच्या पिण्याचं नाही, बाटली त्यात बुडवू नका.

मग पाणी किती न्यायचं आणि कुठे भरायचं?

घाट चढायच्या आधी खालच्या गावात दोन्ही बाटल्या काठोकाठ भरा, हा इथला पहिला नियम. दोन मोठ्या बाटल्या म्हणजे साधारण दीड लिटर. जुलै-ऑगस्टमध्ये खिशात आणखी अर्धा लिटर ठेवा. एकदा सप्टेंबरमध्ये, 'हवा थंड आहे' असं म्हणत मी एकच बाटली घेऊन वर गेलो. वाटेतलं पहिलं गाव म्हणजे चार घरं आणि बंद दारं. पुढचे दोन तास जीभ टाळ्याला चिकटलेली.

गावातल्या नळावर 'ओ पोताब्ल' लिहिलेलं असेल तर पाणी पिण्याजोगं. 'ओ नों पोताब्ल' असेल तर नाही. फ्रान्समधले सायकलवाले आणखी एक जागा हमखास वापरतात, दफनभूमी. थडग्यांवरच्या फुलांना घालण्यासाठी तिथे बहुतेक वेळा नळ असतो. पाटी वाचून, शांतपणे भरून घ्या.

घाट किती कठीण आहेत?

आल्प्ससारखे तासन् तास चालणारे नाहीत. पठाराचा काठ दरीपेक्षा जितका उंच तितकाच चढ, म्हणजे बहुतेक ठिकाणी 400 ते 450 मीटर. फरक पडतो तो किती अंतरात चढायचं याने. ला मालेनहून मेझाँवर जाणारा रस्ता कड्याच्या अंगावरच एकावर एक वळणं घेत वर जातो. सरासरी 8 टक्क्यांच्या घरात, आणि सावली कमी. सेंत-एनिमीहून मेझाँवर चढणारा रस्ता जास्त लांब आणि एका लयीत चढणारा आहे, मला तो जास्त आवडतो. मेरुएसची बाजू सर्वांत सोपी, कारण गावच सुमारे 700 मीटरवर आहे आणि माथा गाठायला साधारण 300 मीटरच उरतात.

खरी फसगत माथ्यावर होते. 'पठार' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर सपाट माळ येतो. मेझाँ तसं नाही. 800 मीटरपासून 1247 मीटरपर्यंत ते सतत वरखाली होत राहतं. प्रत्येक चढ छोटा, पण संपतच नाहीत. घाटात सगळी ताकद घालवलेला माणूस इथे रडकुंडीला येतो. घाट पुरता संपल्यावरही पाय शिल्लक राहतील अशा बेताने चढा.

पहिल्याच दिवशी कोणती फेरी करावी?

ल रोझिये, मेरुएस, मेझाँ ओलांडून सेंत-एनिमी, आणि तार्नच्या दरीतून परत ल रोझिये. साधारण 85 किलोमीटर. या भागाची सगळी चव एका दिवसात मिळते.

सकाळी झोंतच्या काठाने वर निघा. मेरुएसपर्यंत 21 किलोमीटर आणि एकूण चढ साधारण 300 मीटर, म्हणजे पाय मोकळे होतात आणि दमही लागत नाही. फ्रान्समध्ये उजवीकडून चालायचं असतं आणि हा रस्ता नदीच्या उत्तर काठावर आहे, त्यामुळे वर जाताना नदी तुमच्याच बाजूला राहते. मेरुएसला कॉफी घ्या, बाटल्या भरा, काहीतरी खा. मग पठारावर चढायचं. चढ संपल्यावर साधारण अर्ध्या तासात आव्हेन आर्माँची गुहा येते. तिथून पुढे उघड्या माळावरून सेंत-एनिमीच्या घाटाच्या माथ्यावर. खाली उतरताना एका वळणावर अख्खी दरी आणि तिच्या तळाशी गावाची छपरं एकदम दिसतात. तिथे थांबा, पण रस्त्याच्या पूर्ण बाहेर. शेवटचे 35 किलोमीटर तार्नच्या ओघाबरोबर खाली, ला मालेन आणि ले व्हीन्य ही गावं घेत.

तार्नच्या या उतरणीबद्दल गैरसमज नको. नदी खाली जाते म्हणून रस्ताही सतत खाली जात नाही. कड्याच्या अंगाने तो मध्येमध्ये उठतो, आणि दुपारी दरीत समोरून वारा आला की पेडल मारावंच लागतं. ले व्हीन्यच्या अलीकडे 'पा द सूसी' लागतं. दोन्ही काठांचे कडे इथे कोसळले आणि घराएवढ्या शिळांखाली तार्न चक्क दिसेनाशी होते. सेंत एनिमी, म्हणजे मघाची ती राजकन्या, पळून जाणाऱ्या सैतानाच्या मागे लागली आणि तिने कड्यांना हाक मारून ते त्याच्यावर पाडले, असं गावकरी सांगतात.

भर उन्हाळ्यात मात्र हीच फेरी उलटी करा. जुलै-ऑगस्टमध्ये दहा वाजल्यानंतर तार्नच्या दरीत कॅम्परव्हॅन आणि कनू (छोट्या होड्या) लादलेल्या गाड्यांची रांग लागते. पहाटेच निघून तार्नच्या काठाने वर गेलात तर रस्ता तुमचा एकट्याचा असतो, आणि नदीही उजव्या हाताला राहते. बदल्यात सेंत-एनिमीचा घाट चढावा लागतो. सौदा वाईट नाही.

दुसऱ्या दिवसासाठी काही?

मियोहून दुर्बीच्या दरीतून नाँ या गावापर्यंत जा. सुमारे 33 किलोमीटर, हळूहळू चढत जाणारा रस्ता, आणि तार्नच्या मानाने गर्दी फारच कमी. डाव्या हाताला न्वारच्या काठावर डोलोमाइट या खडकाचे सुळके दिसत राहतात. डोलोमाइट चुनखडीपेक्षा सावकाश विरघळतो, म्हणून आजूबाजूचं झिजून गेलं तरी तो बुरुजांसारखा उभा राहतो. नाँहून लार्झाकवर चढून ला काव्हालरी गाठायचं आणि तिथून लांबलचक उतार घेत मियोला परत. एकूण 70 किलोमीटरच्या आसपास.

लार्झाकवरून जाताना एक गोष्ट माहीत असू द्या. 1971 साली सरकारने इथली लष्करी छावणी 3,000 हेक्टरवरून 17,000 हेक्टरपर्यंत वाढवायचं ठरवलं. 103 शेतकऱ्यांनी जमीन न सोडण्याची शपथ घेतली आणि दहा वर्षं अहिंसक लढा दिला. 1972 मध्ये लान्झा देल वास्तो यांनी त्यांच्यासाठी ला काव्हालरीत पंधरा दिवसांचा उपवास केला. हे गृहस्थ गांधीजींचे शिष्य. वर्ध्याला येऊन त्यांच्याजवळ राहिले होते आणि गांधीजींनीच त्यांना 'शांतिदास' हे नाव दिलं होतं. 1981 मध्ये फ्रान्स्वा मितराँ राष्ट्राध्यक्ष झाले आणि तो विस्तार रद्द झाला. आज ज्या कुरणांमधून आपण पेडल मारतो, ती त्या लढ्यामुळे कुरणं राहिली. ला काव्हालरीत मी पाणी भरायला थांबलो तेव्हा हे आठवलं आणि ऊर भरून आला.

पेरझ्युरे खिंडीचं नाव सायकलवाले हळू आवाजात का घेतात?

10 जुलै 1960. तूर द फ्रान्सचा मियो ते आव्हिन्यो टप्पा. रोझे रिव्हिएर हा 24 वर्षांचा फ्रेंच खेळाडू, एका तासात सायकलने सर्वाधिक अंतर कापण्याच्या विक्रमाचा मानकरी, एकूण क्रमवारीत दुसरा. पेरझ्युरेच्या उतारावर तो इटलीच्या गास्तोने नेन्चिनीचा पाठलाग करत होता. वळणावर सायकल हातातून गेली आणि तो कठड्यावरून दरीत कोसळला. मणका मोडला. जीव वाचला, पण शर्यत कायमची संपली. 1976 साली, चाळिशीतच, तो गेला. नेन्चिनीने ती तूर जिंकली.

खिंड सुमारे 1030 मीटरवर आहे, मेरुएस आणि फ्लोराकच्या मध्ये. मेरुएसकडून चढ सौम्य आहे. फ्लोराकच्या बाजूला उतरताना रिव्हिएरचं स्मारक लागतं. मी तिथे थांबून हात जोडले आणि पुढची वळणं दोन्ही ब्रेकवर बोटं ठेवूनच उतरलो.

याच खिंडीतून मोंत एग्वालकडे रस्ता फुटतो. उंची सुमारे 1565 मीटर, आणि माथ्यावर 1894 साली सुरू झालेल्या हवामान वेधशाळेची इमारत. पाय तयार असतील तर जा. वर ढग आणि वारा हेच बहुधा भेटतात, जॅकेट हवंच.

गिधाडं खरंच दिसतात का?

दिसतात, आणि जवळून. शिकार आणि विषामुळे ती इथून नाहीशी झाली होती. 1981 पासून तांबड्या गिधाडांना, म्हणजे ग्रिफन जातीच्या गिधाडांना, झोंतच्या कड्यांवर पुन्हा सोडायला सुरुवात झाली. 1992 पासून काळी गिधाडंही सोडली. आज ती या दऱ्यांमध्ये घरटी करून राहतात. मेलेली मेंढी काही वेळात साफ करणारा हा पक्षी मेंढपाळांनाही हवासा झाला, म्हणूनच हा प्रयोग टिकला असं मला वाटतं. ल रोझिये आणि मेरुएसच्या मध्ये ल त्र्युएल इथे गिधाडांची माहिती देणारं केंद्र आहे.

सकाळी हवा थंड असते तोवर ती कपारीत पंख अंगाला चिकटवून बसलेली असतात. ऊन तापून हवा वर चढू लागली की एकेक करून कडा सोडतात. झोंतच्या रस्त्यावर मी चढात वाकून पेडल मारत होतो आणि समोरच्या डांबरावरून एक रुंद सावली सरकत गेली. मान वर केली तर डोक्यावर अडीच मीटरहून मोठा पंखविस्तार, पंख हलत नव्हते, फक्त टोकांची पिसं बोटांसारखी थरथरत होती. हवा कापल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. पाहण्यासाठी थांबायचं असेल तर थांबा. चालत्या सायकलवर मान वर करून राहू नका, बाजूला कठडा कमरेच्याही खाली आहे.

टायर, गिअर, ब्रेक कसे असावेत?

रस्ते चांगले आहेत, पण रखरखीत. अनेक ठिकाणी डांबरावर खडी पसरून दाबलेली आहे, त्यामुळे हाताला सतत बारीक थरथर जाणवते. 28 मिमीचे टायर घाला आणि हवा थोडी कमी ठेवा. 23 मिमीच्या टायरवर संध्याकाळी मनगटं बोलतात. 'ग्राव्हियों' अशी पाटी दिसली की वेग आणा निम्म्यावर. नुकतीच टाकलेली सुटी खडी आहे, वळणावर पुढचं चाक क्षणात घसरतं.

गिअरसाठी पुढे 34 दात्यांची आणि मागे 32 दात्यांची चक्री असेल तर बहुतेकांना सगळे घाट बसून चढता येतात. सामान लादलेलं असेल तर याहून हलका गिअर घ्या, त्यात कमीपणा काही नाही. प्रवासाला निघण्याआधी ब्रेक पॅड बदला. दोन ट्यूब, पंक्चरचं साहित्य आणि पंप जवळ हवाच. वर दुकान नाही आणि दरीत अनेक ठिकाणी फोनला रेंज नाही.

पुढचे-मागचे दिवेही घ्या, दिवसासुद्धा. तार्नच्या रस्त्यावर खडकात कोरलेले छोटे बोगदे आहेत. उन्हातून एकदम आत शिरल्यावर गाडीवाल्याला तुम्ही दिसत नाही.

कोणता मोसम चांगला?

मे-जून आणि सप्टेंबर. मे-जूनमध्ये पठारावर गवतात रानफुलं असतात, ऑर्किडच्या कितीतरी जाती. सप्टेंबरमध्ये उजेड मऊ होतो आणि रस्ते रिकामे. शरद ऋतूत भूमध्य समुद्रावरून येणारी दमट हवा सेव्हेनच्या डोंगरांना अडते आणि काही तासांत प्रचंड पाऊस कोसळतो. त्याला तिथे 'सेव्हेनोल' पाऊस म्हणतात. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर त्या दिवशी दरीत जायचं नाही. पूर येतो आणि कड्यावरून दगडही सुटतात. हिवाळ्यात पठारावर बर्फ असतो.

दारांवर खिळ्याने ठोकलेलं मोठं, सूर्यासारखं काटेरी फूल दिसेल. ते 'कार्दाबेल'. हवा दमट झाली की ते मिटतं, कोरडी झाली की उमलतं. मेंढपाळांचा हा जुना हवामान अंदाज. ही वनस्पती दुर्मीळ झाली आहे, तेव्हा माळावरचं फूल तोडू नका.

पठारावरच्या वाऱ्याचं काय करायचं?

निघण्याआधी दिशा बघा आणि उघड्या माळाचा टप्पा वारा पाठीशी येईल असा ठेवा. उत्तरेचा वारा असेल तर मेझाँ उत्तरेकडून दक्षिणेकडे ओलांडा, म्हणजे सेंत-एनिमीहून चढून मेरुएसला उतरा. आडोसा म्हणून वर काहीच नाही.

वाहतुकीचे कोणते नियम माहीत हवेत?

उजवीकडून चालायचं. मोठ्या रस्त्यावर ते आपोआप जमतं. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर, थांबून पुन्हा निघताना. फोटो काढून सायकलवर बसलं की शरीर सवयीने डावीकडे ओढतं. मी हँडलबारवर उजव्या बाजूला रंगीत चिकटपट्टी लावली होती, पहिले दोन दिवस तिनेच वाचवलं. गावांमध्ये, पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो छोट्या गल्लीतून का येईना.

हेल्मेटची सक्ती 12 वर्षांखालच्या मुलांनाच आहे, पण घाट उतरायचे आहेत, तुम्हीही घाला. घंटी लागते. अंधारात किंवा धूसर हवेत दिवे लागतात आणि गावाबाहेर चमकणारं जॅकेटही. सायकल चालवताना कानात इअरफोन घालायला बंदी आहे, दंड 135 युरो. गाडीवाल्यांनी गावाबाहेर तुम्हाला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवायचं असतं, आणि माझ्या अनुभवात बहुतेक जण ठेवतात. मागे रांग लागली असेल तर तुम्हीही जागा बघून बाजूला व्हा. अपघातात फोन 112.

मेंढ्यांच्या राखणीचे कुत्रे अंगावर येतात का?

लांडगा या भागात परतला आहे, त्यामुळे कळपात मोठे पांढरे 'पातू' कुत्रे असतात. ते भुंकत धावत येतात, कारण वेगाने येणारी सायकल त्यांना धोका वाटते. पेडल मारून पळू नका. थांबा, उतरा, सायकल तुमच्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा, शांत आवाजात बोला आणि कळपापासून लांबून चालत पुढे जा. डोळ्यांत डोळे घालू नका, काठी-दगड उगारू नका. तुम्ही कोण आहात हे कळलं की तो परत फिरतो.

शाकाहारी माणसाचे खाण्याचे हाल होतात का?

हाल नाही, पण वेळ सांभाळावी लागते. गावातली दुकानं दुपारी बारा-साडेबारापासून दोन-तीन तास बंद असतात. रविवारी दुपारनंतर आणि पुष्कळदा सोमवारीही. म्हणून सकाळी पहिल्याच बेकरीत दिवसाचं खाणं खिशात भरा. 'आलिगो' मागा. कुस्करलेला बटाटा आणि ताजं चीज एकत्र घोटून केलेला, चमच्याबरोबर लांब तार निघणारा पदार्थ. घाट चढून आलेल्या पोटाला याहून चांगलं काही नाही. सोबत सॉसेज देतात, ते नको म्हणून आधीच सांगा. 'फ्लोन' नावाची मेंढीच्या दुधाची गोड टार्ट मिळाली तर सोडू नका, मात्र तिच्यात अंडं असतं.

पठारावर चरणाऱ्या मेंढ्यांचं दूध रोकफोर चीजसाठी जातं. हे चीज लार्झाकच्या पश्चिमेला, रोकफोर गावातल्या नैसर्गिक गुहांमध्येच पिकवावं लागतं. 1925 पासून त्याला कायद्याने नाव-संरक्षण आहे. पारंपरिक रोकफोरमध्ये प्राण्याच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध विरजणारा पदार्थ, असतो, कडक शाकाहारी असाल तर टाळा.

आव्हेन आर्माँ बघायला सायकल थांबवावी का?

हो. 1897 साली लुई आर्माँ नावाच्या लोहाराने हे विवर शोधलं आणि एदुआर-आल्फ्रेद मार्तेल या गुहासंशोधकाबरोबर तो आत उतरला. आत सुमारे 400 ऊर्ध्वमुखी लवणस्तंभांचं अक्षरशः रान आहे, सर्वांत उंच 30 मीटरचा. वर माळावर न थांबणाऱ्या पाण्याने खाली काय केलं, ते इथे दिसतं. आत गारठा असतो आणि पायऱ्या ओल्या. घामेजलेल्या जर्सीवर जॅकेट चढवा आणि पेडलमध्ये अडकणाऱ्या क्लीटचे बूट घालून उतरू नका, चपला न्या.

मियोचा उंच पूल सायकलने ओलांडता येतो का?

नाही, तो मोटारमार्ग आहे. 2004 साली सुरू झालेला, 343 मीटर उंचीचा हा पूल खालूनच बघावा. मियोहून क्रेसेलमार्गे तार्नच्या काठाने गेलात की रस्ता थेट त्याच्या खांबांमधून जातो. संध्याकाळची छोटी फेरी म्हणून उत्तम.

तिथे पोहोचायचं कसं?

विमानाने किंवा जलद गाडीने मोंपेलिए, तिथून मियो साधारण 115 किलोमीटर. मियोला रेल्वे स्टेशन आहे, पण गाड्या दिवसाला मोजक्या, वेळापत्रक आधी बघून ठेवा. भाड्याची रोड बाईक हवी असेल तर फ्रेमचा आकार कळवून बरीच आधी सांगून ठेवा. स्वतःची पेडल मात्र घेऊन जा.

नवशिक्याला झेपेल का?

सलग 50 किलोमीटर चालवण्याची सवय असेल तर झेपेल. मेरुएसला मुक्काम करा. एक दिवस झोंतच्या दरीत खाली जाऊन परत या, दुसऱ्या दिवशी पठारावर आव्हेन आर्माँपर्यंत चढून परत. दोन्ही मिळून दरी आणि पठार होतं आणि कडक घाट एकही येत नाही. इतरांच्या वेगाशी बांधून घेऊ नका. माथ्यावर पोहोचलात की पाय टेका, वारा कुठून येतोय ते बघा, घोटभर पाणी प्या आणि बाटलीत किती उरलंय ते तपासून मगच पुढे निघा.